आतषबाजीची परवानगी आणि आपण

(बुलडाणा जिल्ह्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला दिलेला विषय 'स्थानिक स्वराज्य संस्था आणि स्त्रिया' असा आहे. एवढ्या मोठ्या विषयाला हात घातला तर घटनादुरुस्ती, तेहतीस टक्के, पन्नास टक्के यातच जेवणाची वेळ होईल. शिवाय ते सगळे तुम्ही शिबिरांतून इतक्यांदा ऐकले आहे की माझ्याआधी तुम्हीच पुढचे वाक्य म्हणाल. म्हणून मी एकच कागद हातात घेऊन बोलणार आहे. नगरपालिकेने बागेत आतषबाजी करायला दिलेल्या परवानगीचा कागद.

जुनी माणसे आतषबाजीला शोभेची दारू म्हणतात. आपल्या चळवळीत दारू या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. त्यामुळे 'दारूच्या परवानगीवर बसायचे आहे' असा निरोप मी धाडला तेव्हा दोघीतिघी पदर खोचूनच बैठकीला आल्या. हसू नका. या दोन दारूंच्या परवानगीत एक मोठा फरक आहे, तो पुढे सांगते.

गोष्ट २०२४ च्या दसऱ्याआधीची. मी राहते ते तालुक्याचे गाव. नाव सांगत नाही, कारण असा कागद तुमच्याही गावात निघत असणार. आमच्या गावात नगरपालिकेची बाग आहे. बाग म्हणजे काय, चार कडुनिंब, एक कोरडे कारंजे, दोन झोके आणि कडेने फरशीची वाट. पण काही विकत न घेता, कोणाच्या दारात न जाता, बाईला नुसते बसता येईल अशी गावातली ती एकच जागा. संध्याकाळी पाच ते सात तिथे बाया येतात. गुडघेदुखीवाल्या चालतात, सुना लेकरांना झोक्यावर बसवून आपसात बोलतात. नवऱ्याने टाकलेल्या दोघीजणींची पहिली भेट मंडळाशी त्या बाकावर झाली, कार्यालयात नव्हे.

एके दिवशी बागेच्या फाटकावर फलक लागला. भव्य रावणदहन, भव्य आतषबाजी. त्यावर सव्वीस फोटो होते. मी मोजले. सव्वीसही पुरुष. खाली एका माजी नगरसेविकेचे नाव होते आणि नावाच्या वर फोटो तिच्या नवऱ्याचा. तयारीसाठी बाग तीन दिवस बंद राहणार होती.

आम्ही पाचजणी नगरपालिकेत गेलो. बाबू चांगला माणूस होता, त्याने परवानगीचे पत्र दाखवले. अकरा अटी आणि शर्ती. बागेच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरून द्यावे. अनामत भरावी. अग्निशमन गाडीचे शुल्क भरावे. आवाजाची मर्यादा पाळावी. कार्यक्रमानंतर जागा स्वच्छ करून द्यावी. अकरा अटींत झाडाचा उल्लेख होता, कुंपणाचा होता, माणसाचा एकदाही नव्हता. बागेला लागून असलेल्या प्रसूतिगृहाचाही नव्हता.

आमच्यातली एकजण शिवणकाम करते. तिने पिशवीतून टेप काढला, आणि भर दुपारी आम्ही दीड मीटरच्या टेपने बागेच्या मधोमध ठरलेल्या जागेपासून प्रसूतिगृहाच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजले. लोक उभे राहून पाहत होते. ऐंशी मीटरसुद्धा भरले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. २०१० च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले की आवाजाचे फटाके शांतता क्षेत्रात आणि रात्रीच्या वेळी फोडायचे नाहीत. हे आम्ही अर्जात लिहिले. तिकडून उत्तर आले की प्रसूतिगृह शांतता क्षेत्र म्हणून अधिसूचित नाही. आणि त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. २०१७ साली केंद्राने नियम बदलला. शासनाने जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होत नाही, असे त्यात आले. म्हणजे बाळंतिणीला शांतता हवी की नको हेही आता यादी पाहून ठरायचे! तेव्हा पहिले काम लिहून घ्या: आपल्या गावातली शांतता क्षेत्रे कोणती जाहीर झाली आहेत, याची यादी मागा. यादी नसेल तर करायला लावा. हे काम दसऱ्याच्या आठवड्यात होत नाही, उन्हाळ्यात होते.

दहाच्या अटीला मात्र यादी लागत नाही. ती सगळीकडे लागू आहे. इथे एक गफलत नेहमी केली जाते. राज्य सरकारला वर्षातले ठरावीक दिवस सण-उत्सवासाठी रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला सूट देता येते. आयोजक ती सूट दाखवतात आणि म्हणतात, बारापर्यंत परवानगी आहे. ती भोंग्याला आहे, फटाक्याला नाही.

या नियमांच्या मागे एक मुलगी आहे, हे फार जणींना माहीत नसते. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी इतक्या मोठ्याने चालू होती की तिच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले आणि ती गेली. ती बातमी वाचून एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी जो निकाल लागला त्यातच लाऊडस्पीकर, हॉर्न आणि फटाके यांच्या आवाजाबद्दल आज आपण सांगतो ते बरेचसे आले. निकालपत्राच्या सुरुवातीलाच तिची हकीकत आहे. आपण आवाजाचा प्रश्न मांडायला गेलो की 'हा तुमचा बायकांचा विषय नाही, हा पर्यावरणाचा विषय आहे' असे सांगतात. त्यांना हे सांगा. गोंगाटात बाईची हाक बुडते, तिथूनच हा कायदा सुरू झाला.

पुढे २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने फटाक्यांविरुद्ध याचिका झाली, त्यांच्या वडिलांमार्फत. (आया बहुधा लेकरांना सांभाळत असतील.) त्यात २३ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने सांगितले की फटाके कमी धुराचे आणि कमी आवाजाचे असावेत, लांब माळा नकोत, दिवाळीला वेळ रात्री ८ ते १०. आणि सगळ्यांनी मिळून एका ठरवून दिलेल्या जागी फटाके उडवावेत, या कल्पनेचा विचार सरकारांनी करावा. म्हणजे दारोदार धूर करण्यापेक्षा मैदानात एकच सार्वजनिक आतषबाजी, ही गोष्ट न्यायालयालाही वाईट वाटली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपला सूर फक्त 'बंद करा' असा असेल तर तो तितका खरा नाही. कमी धुराच्या फटाक्यांचे काम आपल्या विदर्भातल्याच, नागपूरच्या 'नीरी' संस्थेत झाले. त्याने धूर साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. सत्तर टक्के उरतोच. 'हिरवा' शब्दाने भुलू नका.

आता आमच्यातच काय झाले ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

अर्ज द्यायच्या आदल्या रात्री बैठक झाली. आम्ही चारसहाजणी ठाम होतो की परवानगी रद्दच व्हावी. तेवढ्यात मागे बसलेली एक बाई उठली. ती विटाच्या भट्टीवर जाते, तीन लेकरे आहेत. म्हणाली, "ताई, वर्साचे तीनशे पासष्ट दिवस रातच्याले मी घराच्या बाहेर पाय ठेवत नाई. त्या एका दिवशी नवरा सोताहून म्हणते, चाल, लेकरं घे. ते बी तुमी बंद करता का?" बैठकीत कोणी बोलेना. मग एकेकीला कंठ फुटला. कोणी म्हणाली, रोषणाई पाहताना कोणी आपल्याकडे पाहत नाही, सगळ्यांच्या माना वर असतात, म्हणून मला ते आवडते. हे वाक्य मी अनेक दिवस डोक्यात घोळवत होते. गर्दीत बाईला मिळणारे हे न पाहिले जाणे, त्याची किंमत आपण संस्थेच्या कार्यालयात बसून करू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला आमच्या वस्तीतली नगरपालिकेची सफाई कामगार होती. कंत्राटी. ती म्हणाली, आतषबाजी तुमाले दोन घंटे, आमाले दोन दिवस. पहाटे चारला झाडू हाती घ्यायचा. अर्धवट जळलेल्या नळ्या, न फुटलेले गोळे केरात मिसळलेले. हातमोजे नाहीत. तिच्याबरोबरच्या बाईचा तळहात एकदा केर गोळा करताना भाजला होता, आणि त्या दिवसाची हजेरीही कापली गेली. 'जागा स्वच्छ करून द्यावी' ही अट आयोजकांवर होती ना? मग झाडले कोणी?

तिसरी एकजण शेतकरी. आता दसरा-दिवाळी म्हणजे आपल्याकडे कशाचे दिवस? सोयाबीन काढून सुडी लागलेली असते, कपाशी फुटत असते. गावाच्या कडेच्या शिवारात उडत आलेला एक बाण सुडीवर पडला तर वर्षाचे उत्पन्न पाच मिनिटांत गेले. तेव्हा कार्यक्रम बागेतून बाजार समितीच्या आवारात न्यावा, ही सूचना आली तशी तिनेच मोडून काढली. तिथे नेमका त्याच दिवसांत माल पडलेला असतो.

म्हणून आमचा अर्ज 'रद्द करा' असा झाला नाही. आम्ही मागितले ते असे: कार्यक्रम साडेनऊला संपावा, मोठ्या आवाजाचे आणि आकाशात जाऊन फुटणारे बार नसावेत, जमिनीवरची झाडे, चक्रे, पाऊस चालतील, बायकालेकरांना यायला-जायला दुसरे फाटक उघडावे, बाग बंद राहील ती एकच दिवस, आणि सफाईच्या बायांना हातमोजे व जादा कामाची मजुरी आयोजकांच्या अनामतीतून मिळावी. एक प्रत ठाणेदारांना, एक तहसीलदारांना.

मिळाले काय? कार्यक्रम बागेतून हलवला गेला. आमच्या कटकटीला कंटाळून त्यांनी गावाबाहेरचे मोकळे मैदान घेतले, जिथे ना दिवा, ना बस, ना रिक्षा. प्रसूतिगृहातल्या बाया सुखाने झोपल्या, पण भट्टीवरची ती बाई त्या वर्षी गेली नाही. पुरुष मोटारसायकलवर गेले आणि पाहून आले. हातमोजे मात्र मिळाले, आणि ते आजही त्या बाया वापरतात. याला जिंकणे म्हणायचे की हरणे, यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत. माझ्या मते परवानगी जिथे ठरते त्या खोलीत आपल्यातली एकही बाई नसली की आपल्या अर्जाचे असेच होते. अर्जातले सोपे तेवढे उचलले जाते आणि बाकीचे अंगावर येते.

आणि त्या खोलीत तेव्हा होते कोण? २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात काय, राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते. सभा नाही, ठराव नाही, चर्चा नाही. एका अधिकाऱ्याची सही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण सभाच नसेल तर निम्म्या कशाच्या? आता २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, बायका निवडून आल्या. इथे त्यातल्या काही बसल्या आहेत, त्यांचे अभिनंदन. फलकावर पुढच्या वेळी फोटो तुमचाच असू द्या.

परवानगीचा कागद किती जिवाचा असतो याची दोन उदाहरणे देते. केरळात कोल्लम जिल्ह्यात परवूर येथे पुट्टिंगल देवीचे मंदिर आहे. तिथे आतषबाजीची स्पर्धा होत असे. शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईने जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली की बारांनी घराला तडे जातात. तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारीही एक स्त्रीच होत्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये जिल्हा प्रशासनाने स्पर्धेला परवानगी नाकारली. लेखी नाकारली. तरी स्पर्धा झाली, पोलीस हजर असताना झाली, आणि १० एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास साठवलेल्या दारूने पेट घेतला. शंभराहून अधिक माणसे मेली, काहीशे जखमी झाली. म्हातारीचे म्हणणे खरे होते, अधिकारी बाईंचा कागद बरोबर होता, आणि दोन्ही मिळूनही उत्सव समितीपुढे चालले नाही. नकाराचा कागद फाइलमध्ये राहिला आणि मैदानात कोणी उभे राहिले नाही, की असे होते.

दुसरे अमृतसरचे, १९ ऑक्टोबर २०१८, दसराच. मैदान लहान, शेजारी रेल्वेचा रूळ. रावण पेटला, फटाके फुटू लागले, लोक रुळांवर उभे होते. त्या आवाजात गाडी ऐकू आली नाही. सुमारे साठ माणसे गेली. पोलिसांचे ना-हरकत पत्र होते. महापालिका म्हणाली, आमच्याकडून परवानगी घेतलीच नव्हती. आयोजक तिथल्या नगरसेविकेचा मुलगा. आपल्याकडे 'नगरसेविकापती' असा शब्द तयार झाला आहे, तिथे चिरंजीव. बाईच्या पदाचा वापर बाईला न विचारता कसा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही दारू बनवते कोण, तेही दोन शब्दांत बोलते. शिवकाशीच्या बाया आणि मुले हे आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या बालमजुरांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा आहे. पण पिंपरी-चिंचवडमध्ये तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ ला केकवर लावायच्या फुलझड्या-मेणबत्त्या बनवणारा कारखाना जळाला. सहा जीव त्याच दिवशी गेले, नंतर आकडा दहाच्या वर गेला, आणि मेलेल्यांत बहुतेक बायका. त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊजण गेले, त्यात सहा बायका. तो फटाक्यांचा कारखाना नव्हे, पण दारू भरायला लागणारे हात तेच. स्वस्त आणि न बोलणारे.

आता तो फरक. प्यायच्या दारूचे दुकान बंद करायला आपल्या राज्यात बायकांना मताचा अधिकार आहे. उभी बाटली, आडवी बाटली. वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान जाते. अट जाचक आहे, निम्म्याहून अधिक मतदान करवून घेताना आपला जीव जातो. पण निदान कायद्याने एवढे मानले की वस्तीत काय चालते यावर बाईचे मत मोजले पाहिजे. शोभेच्या दारूला, बागेला, मैदानाला असे काही नाही. खेड्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे उरुसाचे, यात्रेचे, आतषबाजीचे विषय मुद्दाम घ्या. नगरपालिकेच्या हद्दीत तशी महिला सभा नाही. तेव्हा वॉर्डातल्या बायांनी स्वतः बैठक घ्यावी, सह्या कराव्या आणि आपल्या नगरसेविकेच्या हातात द्याव्या. तिच्या नवऱ्याच्या नव्हे.

वेळेचे भान ठेवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत परवानगीची प्रत मिळते, पण तीस दिवसांत. तोवर रावण जळून राख झालेली असते. कायद्यातच असेही आहे की जीविताशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अर्जात ते स्पष्ट लिहा, आणि शेजारी दवाखाना, शाळा, गंजी काय आहे ते लिहा. मोठ्या आतषबाजीला नगरपालिकेचे पत्र पुरेसे नसते, हेही विचारा: पोलिसांचे कुठे आहे, जिल्हा प्रशासनाचे कुठे आहे, दारू आणून ठेवणार कुठे.

मघाशी एकीने विचारले, आपल्या जिल्ह्यात बायांनी कचेरीशी असे भांडणे नवे आहे का. ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. वडील इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या एका विधवेला न्यायालयाने फाशी सुनावली, त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या जातीवर जे लिहून येत होते ते वाचून त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापले. कचेरीतला कागद आणि छापलेला कागद, दोन्ही वाचणारी बाई या गावात तेव्हाही होती.

आमच्या गावात येत्या दसऱ्याचा फलक लागायच्या आत बागेचा विषय सभेपुढे आणायचा, असे दोन नगरसेविकांनी कबूल केले आहे. भट्टीवरच्या बाईलाही आम्ही बोलावले आहे. साडेनऊची वेळ आणि दुसरे फाटक या दोन गोष्टी तिनेच मांडाव्यात असे ठरले आहे. अर्जाचा नमुना मी आणला आहे, पंचवीस प्रती आहेत. चहाच्या टेबलाजवळ ठेवते. ज्यांच्या गावात बागेशेजारी दवाखाना आहे त्यांनी आधी घ्या. आणि टेप लांब घेऊन जा, आमचा दीड मीटरचा होता, फार वाकावे लागले.